सशाच्या पोटातली पुरचुंडी

सोमवार, २ फेब्रुवारी

काय हत्तीराव, सोंड अजून दुखतेय का? टाके ताजे आहेत, जरा कळ काढा. अस्वलबाई, तुमची तब्येत सुधारली हो, काल धुऊन काढल्यापासून तोंडावर तेज आलंय. माकडदादा, डावा हात वाकतोय ना नीट? ससुल्या, तुझं पोट अजून उघडं आहे, तू आपला पडून राहा. बदकाला विचारण्यात अर्थ नाही, त्याची चोचच अजून सापडलेली नाही.

सकाळी उठलं की मी असा माझा दवाखाना फिरते. एकटीची खोली, ऐकणारं कोणी नाही म्हणून बरं. एकतीस वर्षं नाटक कंपनीच्या कपडेपटात काढली. राजांचे अंगरखे, राक्षसांची कातडी, सगळं टाचलं, झटकलं, टांगलं. तिथे मी कोटांशीसुद्धा बोलायचे. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा हा नाद लागला. मुलं मोठी झाली म्हणून माळ्यावर गेलेली मऊ खेळणी लोकांकडून आणायची, धुवायची, शिवायची आणि रविवारच्या जुन्या बाजारात मांडायची.

ही वही सूनबाईने दिली. ती वाचनालयात कामाला, तिला सगळ्याची नोंद लागते. म्हणाली, "आई, कुठलं खेळणं कुठून आलं, त्याचं काय केलंत, कोणी नेलं, नावपत्त्यासकट लिहीत जा. लहान मुलांच्या तोंडात जातात ही." मी मान डोलावली. पण पहिल्याच पानावर नोंद कमी आणि गप्पा जास्त झाल्यात. तेव्हा वही तिला दाखवायची नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सूनबाई काल संध्याकाळी येऊन माझ्या टेबलावरचं एकेक खेळणं उलटसुलट करून गेली. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण येते तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबासारखी येते.

"डोळे?" म्हणाली.

"ओढ की. सुटला तर तुझा."

तिने सगळा जोर लावून ओढून पाहिलं. सुटतो कशाला? मी डोळे बसवतच नाही. काचेचे, प्लॅस्टिकचे, बटणाचे, असतील ते काढून टाकते आणि तिथे रेशमाने डोळा भरते. गळ्यातल्या फिती कापते, घुंगरं काढते. पोटात बारीक मणी भरलेलं खेळणं दारातूनच परत पाठवते, कारण शिवण उसवली की ते मणी पोरांच्या नाकात. केस गळणाऱ्या लोकरीला चिकटपट्टी लावून ओढून बघते. शिवण दुहेरी. धुणं कढत पाण्यात, तीन वेळा. भिंग घेऊन लेबल वाचते, आणि लेबलच नसेल तर आतला जुना भराव काढून नवा कापूस घालते.

"तुम्ही तर माझ्याही पुढे गेलात," म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच.

एक गोष्ट मात्र मी तिला दाखवली नाही. ती माझी आहे, म्हणजे आमच्या कपडेपटातल्या मास्तरांची. ते प्रत्येक मखमली कोटाच्या अस्तरात मलमलीची इवलीशी पुरचुंडी शिवायचे, आत दोन डांबरगोळ्या. बाहेरून कोणाला पत्ता लागायचा नाही. चाळीस वर्षांच्या मखमलीला कसर लागलेली मी पाहिली नाही. परक्या घरातून आलेल्या खेळण्यात काय काय दडलेलं असेल, कोण जाणे. म्हणून कापूस भरताना मधोमध मी तशीच पुरचुंडी घालते, वरून जाड थर देते, आणि तयार झालेलं खेळणं पत्र्याच्या पेटीत तीन-चार दिवस बंद ठेवते. बाहेर काढलं की नाकाला लागेल न लागेल असा वास. मास्तर असते तर पाठ थोपटली असती.

रविवार, ८ फेब्रुवारी

सात गेली. सात.

निळ्या स्कार्फवाल्या बाईंनी हत्ती नेला, नातीला. दात पुढे असलेल्या गृहस्थांनी माकड. शाळेच्या संमेलनातून गणवेशातच आलेल्या दोघी बहिणींनी आईला ओढत आणून अस्वल घ्यायला लावलं. नावं काही विचारली नाहीत. खेळणं घ्यायला आलेल्या माणसाला नाव काय, राहता कुठे म्हणून विचारलं तर त्याला चौकीत आल्यासारखं वाटायचं. सूनबाईने विचारलं तर सांगेन काहीतरी.

अस्वलवाल्या आईने नाक लावून म्हटलं, "किती स्वच्छ वास येतोय हो." मी दिवसभर तरंगत होते.

शेजारच्या गाळ्यावर घड्याळजी बसतात, घड्याळं दुरुस्त करतात. ते म्हणाले, "बाई, तुमच्या दुकानातून माणूस हसत जातो."

"आणि तुमच्या दुकानातून वेळ घेऊन जातो," मी म्हटलं, "तोही चुकीचा."

"चुकीचा असला तरी चालता असतो," म्हणाले आणि माझ्या डब्यातला अर्धा खाऊ संपवला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज ससा नातवाला दिला.

आठ महिन्यांचा आहे. मी त्याला टमाट्या म्हणते, गाल तसेच आहेत म्हणून. सूनबाईला आवडत नाही, म्हणते पुढे शाळेत मुलं चिडवतील. शाळेला अजून अवकाश आहे, तोवर मी म्हणून घेते.

सशावर मी तीन आठवडे घालवलेत. कानाला आतून गुलाबी सुती कापड, डोळे काळ्या रेशमाचे, नाकाला एकच टाका. सूनबाईने नेहमीची परीक्षा घेतली. डोळे ओढले, कान ओढले, शिवणीत नख घालून पाहिलं. मग नाकाशी नेला.

"बंद पेटीसारखा वास येतोय."

"पेटीतच होता ना."

"आत काय भरलंय?"

"कापूस. कोरा."

"आणखी काही?"

"आणखी काय असणार?"

मी खोटं बोलले असं तेव्हा मला वाटलं नाही. पुरचुंडी म्हणजे काही भराव नव्हे, ती राखण. आणि सांगितलं असतं तर तिने ती काढायला लावली असती, मग तीन आठवड्यांची शिवण उसवा. तिने ससा तासभर खिडकीत ठेवला आणि मग दिला. टमाट्याने दोन्ही हातांनी धरून त्याच्या पोटात तोंड खुपसलं. माझा जीव सुपाएवढा झाला.

रविवार, १५ फेब्रुवारी

आणखी पाच गेली. एकूण बारा. येताना सूनबाईकडे डोकावले. टमाट्या कुरकुर करतोय, नीट पीत नाही. दात येत असतील. ससा मात्र सोडत नाही, कान चोखून चोखून ओला केलाय. म्हटलं, असू दे, त्याला तेवढाच आधार.

सोमवार, १६ फेब्रुवारी

दुपारी सूनबाईने बोलावलं. "आई, याचा रंग बघा."

मी पाहिला. खोलीला पिवळे पडदे आहेत, त्यातून ऊन येत होतं. म्हटलं, पडद्याचा रंग पडलाय. तिने पडदा बाजूला सारला. गाल टमाट्यासारखे नव्हते. ओठसुद्धा फिके होते.

"आणि हे," म्हणून तिने लंगोट दाखवला. चहा सांडल्यासारखा डाग. मी म्हटलं, पाणी कमी पडत असेल, उन्हाळा लागायला लागलाय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली. मी मुलाला फोन लावला, तो कामावरून परस्पर दवाखान्यात आला.

बाळाला ठेवून घेतलंय. रक्त तपासायला नेलंय. एवढुशा हाताला सुई.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रक्तातल्या लाल पेशी फुटताहेत म्हणे. त्यामुळेच पिवळा, त्यामुळेच फिका. कशामुळे फुटताहेत ते शोधायचंय. बाहेरचं रक्त द्यावं लागलं. थेंब पडताना मी मोजत बसले होते, मग मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. खाटेशेजारी बसून एकेक विचारत होत्या. काही नवं औषध दिलंत? काही नवं खायला? घरात रंगकाम झालं? मग म्हणाल्या, "डांबरगोळ्या वापरता? कपाटात, न्हाणीघरात?"

"नाही," सूनबाई म्हणाली, "आमच्याकडे कधीच नसतात."

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, तुमच्याकडे? बाळ तुमच्याकडे येतं ना?"

"माझ्याकडे फारसं येत नाही," मी म्हटलं. "आणि कपाटात नाहीत हो."

खरंच नाहीत. कपाटात माझ्या फक्त भांडी आहेत.

टमाट्या रडून रडून घोगरा झाला होता. घाईत ससा घरीच राहिला होता. मी म्हटलं, मी आणते. चार वाजता घेऊन आले आणि उशाशी ठेवला. हात पुढे करून त्याने तो ओढला आणि पाच मिनिटांत झोपला. सूनबाई म्हणाली, "बरं झालं आणलात." कालपासून ती माझ्याशी पहिल्यांदा गोड बोलली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज लिहायचं नव्हतं, पण न लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा न सांगणं.

सकाळी चादर बदलायला नर्सबाईंनी ससा उचलला आणि नाक मुरडलं. "याला कसला वास आहे हो?" एवढंच. मी तो त्यांच्या हातातून घेतला. घेतला कसला, ओढलाच. जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसले. माझ्या पिशवीत लहान कात्री असतेच. पोटाची शिवण उसवली, कापूस बाजूला केला, पुरचुंडी काढली.

गोळ्या घातल्या तेव्हा बोराएवढ्या होत्या. आता वाटाण्याएवढ्या उरल्या होत्या. बाकीचं कुठे गेलं, हे विचारायला मला कोणाची गरज नव्हती. आठवडाभर तो त्याच पोटात तोंड घालून झोपत होता.

मला कालच ठाऊक होतं का? हाच प्रश्न सकाळपासून मी स्वतःला विचारतेय. डॉक्टरीणबाईंनी कपाट म्हटलं, न्हाणीघर म्हटलं. ससा म्हटलं नाही. पण त्यांनी 'डांबरगोळ्या' म्हटल्याबरोबर माझ्या नाकाला वास आला होता, एवढं खरं. तो मी बाजूला सारला. मग घरी जाऊन तेच खेळणं स्वतःच्या हाताने आणून त्याच्या उशाशी ठेवलं. म्हणजे एक दिवस आणखी.

पुरचुंडी तळहातावर घेऊन मी आत गेले. डॉक्टरीणबाई होत्या, मुलगा होता, सूनबाई होती. मी म्हटलं, "ही सशाच्या पोटात होती. मी शिवली होती."

डॉक्टरीणबाईंनी लगेच झाकणाची डबी मागवून त्यात ती बंद केली, ससाही पिशवीत बांधला, चादर बदलली, बाळाचे कपडे बदलले, खिडकी उघडली. मग शांतपणे समजावलं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक संरक्षण कमी असतं. एरवी कळतही नाही. पण या गोळ्यांची वाफ श्वासातून, कातडीतून, तोंडातून गेली की लाल पेशी टिकत नाहीत. तपासणी आली की नक्की होईल, पण त्यांना शंका उरलेली नाही. आणि ज्यांच्यात ती उणीव नाही अशा बाळांनाही हे विषच, गिळलं तर जिवावर. खेळण्यात तर कधीच नको, म्हणाल्या.

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सूनबाई म्हणाली, "मी विचारलं होतं, आई."

"हो."

"आत काय आहे ते दोनदा विचारलं होतं."

"हो ग."

ती बाळाचं पांघरूण सारखं करायला लागली. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदरात घेतल्या असत्या.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

तपासणी आली. तेच निघालं. आज ओठांना जरा रंग आहे. पुन्हा रक्त द्यावं लागणार नाही म्हणाल्या.

मी दारातूनच पाहिलं. माझे सगळे कपडे त्याच पत्र्याच्या पेटीजवळ असतात. शाल, स्वेटर, अंथरूण, सगळ्याला वास आहे. मला तो कधी जाणवलाच नव्हता. मुलगा हळूच म्हणाला, "आई, तू काही दिवस त्याला घेऊ नकोस." मी हात मागे बांधून उभी राहिले. टमाट्याने मला पाहून हात पुढे केले.

रविवार, २२ फेब्रुवारी

उरलेल्या गोळ्या आणि पेटीतली खेळणी डब्यात, पिशव्यांत बंद करून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तिथे देऊन आले. पण बारा खेळणी बाहेर आहेत. बारा घरं. बारा तरी पोरं.

बाजारात आज खेळणी मांडली नाहीत. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून बसले: माझ्याकडून नेलेलं कोणतंही खेळणं परत आणा, मुलाजवळ ठेवू नका, आत डांबरगोळ्या आहेत, चूक माझी आहे. घड्याळजींनी वाचलं आणि म्हणाले, "'चूक माझी आहे' कशाला? लोक फाडून खातील."

"त्याशिवाय आणणार नाहीत. नुसतं परत आणा म्हटलं तर त्यांना वाटेल, म्हातारीला खेळणं परत हवंय."

वही काढली तेव्हा मला माझीच लाज वाटली. नाव एक नाही, पत्ता एक नाही. निळा स्कार्फ. पुढे दात. गणवेशातल्या बहिणी. एवढ्यावरून माणूस शोधायचा. घड्याळजींनी दुकान बंद केलं, माझ्याशेजारी बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. त्यांची जीभ एरवी मला कात्रीसारखी लागते, आज तिचा उपयोग झाला. गणवेशावरून शाळा सापडली, शाळेवरून बहिणी. निळा स्कार्फ स्वतःच आला, आणि मला भर बाजारात जे ऐकवायचं ते ऐकवलं. मी ऐकून घेतलं. त्यांची नात ठणठणीत आहे.

दातवाल्या गृहस्थांनी सांगितलं, माकड पहिल्याच दिवशी कुत्र्याने फाडलं, मग त्यांनी ते कचऱ्यात टाकलं. कुत्रा बरा आहे का विचारलं. म्हणाले, त्याला काय होतंय. इतकं बरं वाटलं की मी त्यांचे हातच धरले. ते घाबरले बिचारे.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

अकरांचा हिशोब लागला. एका घरी चार वर्षांची पोरगी बदक सोडेना. नुसती पुरचुंडी काढून भागत नाही, कापूसही भिनलेला असतो. तिला म्हटलं, बदकाला बरं नाही, दवाखान्यात न्यायचंय. ती म्हणाली, "मग मी पण येते." तिच्या आईने तोंड फिरवलं. मी बदक नेलं. असं खोटं बोलायची सवय मला फार लवकर लागते, हे आता मी ओळखलंय.

सगळी मुलं बरी आहेत. एकालाही काही झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बहुतेकांना होत नाही. ते ऐकून हायसं वाटायला हवं, पण वाटत नाही. म्हणजे जे झालं ते माझ्याच घरात व्हायचं होतं.

राहिलं एक कासव. ते कोणी नेलं हे मी पाहिलंच नव्हतं. मी त्या वेळी पाणी भरायला गेले होते, तेव्हा घड्याळजींनी दिलं होतं आणि सांगायचं विसरले होते. आज त्यांना आठवलं. लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा माणूस, कपाळावर खोक. कासव हातात घेऊन म्हणाला होता, "घरी बायकोला आठवा चालू आहे, पहिलंच आहे, पाळण्यात ठेवीन."

घड्याळजी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळी सूनबाई आली. माझ्या हातून काय झालं ते कळल्यापासून ती आलीच नव्हती, आजही दारातच थांबली. मी सगळं अंथरूण बाहेर उन्हात टाकलं होतं, खोली ओकीबोकी. मी तिला कासवाचं सांगितलं.

"मी बाहेरूनच ओढून बघत होते," ती म्हणाली. "डोळे, कान. मला वाटलं होतं, तेवढं पुरतं."

"तुझा काही दोष नाही ग."

"दोषाचं बोलत नाहीये मी." मग म्हणाली, "मालधक्क्यावर ट्रकवाल्यांची कचेरी आहे. तिथे फळ्यावर चिठ्ठी लावतात. तुम्ही लिहा. मी वाचून बघते."

मी विचारलं, टमाट्या कसा आहे. म्हणाली, "बरा आहे. रांगायला बघतोय." माझं मीच ठरवलंय, ती म्हणेल तेव्हाच जायचं. ती अजून म्हणाली नाही.

रविवार, १ मार्च

कचेरीच्या फळ्यावर लावली. तिथल्या कारकुनाने दोन नकला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांबरोबर पाठवल्या. माझ्यासाठी इथे उतरवून ठेवते.

"कापडी कासव नेणाऱ्या ड्रायव्हरदादांना,

तुम्ही मला ओळखत नाही. पंधरा दिवसांपूर्वी जुन्या बाजारात घड्याळवाल्यांच्या हातून तुम्ही जे कासव घेतलंत ते मी शिवलेलं आहे. त्याच्या पोटात दोन डांबरगोळ्या आहेत. किडे लागू नयेत म्हणून मीच घातल्या आणि कोणाला सांगितलं नाही. त्या लहान बाळाला घातक आहेत. माझ्या नातवाला त्यामुळे रक्त द्यावं लागलं.

कासव पाळण्यात असेल तर हे वाचल्या वाचल्या घरी फोन करा. घरात उघडू नका. पिशवीत बांधून घराबाहेर ठेवा. पाळण्यातले कपडे, अंथरूण, बाळाचं सगळं धुऊन उन्हात वाळवा, खिडक्या उघड्या ठेवा. बाळ झालं असेल आणि फिकं, पिवळं दिसत असेल, पीत नसेल, किंवा लंगोटाला गडद डाग पडत असेल, तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि डांबरगोळ्यांचं नाव घेऊन सांगा. नाव घ्यायला लाजू नका. मी लाजले.

बाळंतीणबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना राग येईल, तो बरोबर आहे. खाली माझा पत्ता आणि फोन आहे."

लावण्याआधी सूनबाईने वाचलं. दोन ठिकाणी माझी अक्षरं सारखी केली. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

"यात लिहिलेलं सगळं खरं आहे. ते बाळ माझं आहे. आता बरं आहे. तुमचं कसं आहे ते आम्हाला दोघींनाही लवकर लिहून कळवा."